संगणकजाल-तंत्रज्ञांचे व्यवसाय प्रशिक्षण : देहूरोड, पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

दोन किंवा अधिक संगणक परस्परांशी जोडून त्यांच्यात माहितीची देवघेव घडवून आणणाऱ्या व्यवस्थेस संगणकजाल किंवा रूढ भाषेत नेटवर्क असे म्हणतात. असे जाळे उभारणे, त्याची देखभाल करणे आणि त्यातील बिघाड शोधून तो दूर करणे हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक स्वतंत्र व्यवसाय बनला. या व्यवसायात शालान्त किंवा उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला प्रवेश मिळवून देणारे शिक्षण हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. पुण्याच्या वायव्येकडील औद्योगिक पट्ट्यात या शिक्षणाला यंत्र-कारागिरांच्या प्रशिक्षणाची जुनी परंपरा लाभलेली होती. त्या परंपरेतील कोणते घटक नव्या व्यवसायात उतरले व कोणते गळून पडले, हे पाहिल्यास आजच्या प्रशिक्षणाचे बलाबल ध्यानात येते.

परिसर : देहूरोड हे पुणे–लोणावळा लोहमार्गावरील स्थानक व लष्करी ठाणे पुण्याच्या वायव्येस सु. २५ किमी. अंतरावर आहे. संत तुकारामांच्या देहू गावी जाणाऱ्यांचे स्थानक म्हणून त्यास हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून येथे लष्कराची कोठारे व त्यांच्या आश्रयाने वाढलेली कामगारांची वस्ती आहे. १९८४ मध्ये येथे प्रकाश व धूर निर्माण करणारा दारूगोळा बनविण्याचा शासकीय कारखाना स्थापन झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील आयुध निर्माणींची पुनर्रचना झाल्यावर तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे गेला. देहूरोडच्या आग्नेयीस आकुर्डी, चिंचवड व पिंपरी, दक्षिणेस हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यान, तर ईशान्येस चाकणची औद्योगिक वसाहत आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे पुण्याकडील टोकही देहूरोडलगत किवळे येथे आहे. त्यामुळे यंत्रोद्योग, लष्करी उत्पादन आणि माहिती तंत्रज्ञान या तिन्ही क्षेत्रांतील रोजगार येथील तरुणाच्या रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात येतो. ही तिन्ही क्षेत्रे आज संगणकजालावर अवलंबून आहेत.

कारागीर प्रशिक्षणाची परंपरा : पुणे परिसरात यंत्र-कारागिरीचा पाया लष्करी कारखान्यांनी घातला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात युद्धसाहित्याचे उत्पादन वाढविण्यासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना ब्रिटिश सरकारने हाती घेतली. युद्धसमाप्तीनंतर तिचा उपयोग सेवामुक्त सैनिकांच्या पुनर्वसनासाठी करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्र शासनाने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे बोलीभाषेतील ‘आयटीआय’, ही या योजनेची निर्मिती होय. १९५६ मध्ये अखिल भारतीय पातळीवर परीक्षा व प्रमाणपत्रे यांत एकसूत्रता आणण्यासाठी व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये संमत होऊन १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. त्याने ठरावीक उद्योगांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले.

नेमक्या याच काळात पिंपरी-चिंचवडचे औद्योगिकीकरण झाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना पिंपरीस १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मोटारी, दुचाकी वाहने, यंत्रे व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने येथे उभे राहिले. जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, संधाता, वीजतंत्री व तारतंत्री हे या वसाहतीचे मूळ व्यवसाय होत. ४ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे या महानगरपालिकेने मोरवाडी येथे आणि महिलांसाठी कासारवाडी येथे स्वतःच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालविल्या. नागरी स्वराज्य संस्थेने कारागीर प्रशिक्षणाची जबाबदारी अशा रीतीने अंगावर घ्यावी, ही गोष्ट या नगराच्या घडणीशी सुसंगत होती.

या जुन्या प्रशिक्षणाची तीन वैशिष्ट्ये होती. पहिले, वेळेचा मोठा भाग प्रत्यक्ष हातकामासाठी राखलेला असे. जोडारीचा विद्यार्थी लोखंडी तुकडा कानशीने घासून काटकोनात आणी. शिल्पनिदेशक गुण्या व व्हर्नियर लावून तो तपासत आणि मापात न बसलेला ‘जॉब’ पुन्हा करावा लागे. दुसरे, परीक्षा सार्वजनिक होती व प्रमाणपत्र कोणत्याही एका यंत्र-उत्पादकाच्या नावाचे नव्हते. एका बनावटीच्या लेथवर शिकलेला कातारी दुसऱ्या बनावटीच्या लेथवर काम करू शके आणि त्याचे प्रमाणपत्र आयुष्यभर चाले. तिसरे, संस्थेतील शिक्षणानंतर कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीचा टप्पा येई व तेथे अनुभवी कारागिराच्या हाताखाली नवख्याचा कामगार बने. हातकाम, सार्वजनिक कसोटी व उमेदवारी या तीन खांबांवर तो व्यवसाय उभा होता.

संगणकजालाचा उदय : अमेरिकेत अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पाठविण्यात आला. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ईथरनेट पद्धतीची कल्पना पुढे आली. १९८३ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १ जानेवारीस अर्पानेटने टीसीपी-आयपी हे संदेशवहनाचे नियम स्वीकारले. भारतात इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात भारतीय विज्ञान संस्था, पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था व मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा सहभाग होता. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. अनेक प्रक्रियक एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकच काम करून घेणे हे या संगणकाचे तत्त्व होते.

मात्र संशोधनसंस्थांतील हे जाळे अभियंत्यांचे कार्यक्षेत्र होते. त्यातून दहावी-बारावी शिकलेल्यांचा व्यवसाय निर्माण होण्यास एक तांत्रिक बदल कारणीभूत झाला. प्रारंभीच्या ईथरनेटमध्ये एकच समाक्ष केबल सर्व संगणकांजवळून फिरवीत नेली जाई. तिच्यात एके ठिकाणी खंड पडला किंवा टोकाचा रोधक निघाला, तर त्या केबलवरील सर्वच संगणकांचा संपर्क तुटे. १९९० मध्ये दूरध्वनीच्या तारांप्रमाणे पिळलेल्या जोड्यांची केबल वापरणारे मानक आले. त्यात प्रत्येक संगणकापासून स्वतंत्र केबल मध्यवर्ती पेटीपर्यंत, म्हणजे प्रथम हबपर्यंत व पुढे स्विचपर्यंत, नेली जाते. त्यामुळे एक केबल तुटली, तर एकच संगणक बंद पडतो. ही पद्धती स्वस्त, सुटसुटीत व वाढविण्यास सोपी असल्याने बँका, कार्यालये, महाविद्यालये व कारखाने यांत शेकडो केबलींची जाळी पसरली. ती टाकणे, त्यांना खुणांचे क्रमांक देणे, टोके बसविणे व बिघडलेले टोक शोधणे हे तारतंत्र्याच्या कामाशी नाते सांगणारे नवे हातकाम होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली व नोव्हेंबर १९९८ पासून खाजगी कंपन्यांनाही या सेवेची परवानगी मिळाली. बँकांच्या शाखा मध्यवर्ती संगणकाशी जोडल्या गेल्या. कारखान्यांतील आराखडे, भांडार व हिशेब यांचे व्यवहार जाळ्यावर आले. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले. १९९० नंतरच्या दशकांत चाकण परिसरात मोटार उद्योगाचा विस्तार झाला आणि २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जाळ्याची देखभाल करणाऱ्या माणसांची गरज अशा प्रकारे सर्व बाजूंनी वाढली.

खाजगी संस्था व उत्पादकांची प्रमाणपत्रे : ही गरज प्रथम भागविली ती खाजगी संस्थांनी. एनआयआयटी (१९८१) व ॲपटेक (१९८६) यांच्या शाखा गावोगावी निघाल्या. मुंबईची जेटकिंग ही संस्था हार्डवेअर व नेटवर्किंगच्या शिक्षणासाठी ओळखली जाऊ लागली. अशा संस्थांच्या दर्जाला शासकीय मान्यतेची चौकट असावी म्हणून १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘डोएक’ ही अधिस्वीकृतीची योजना सुरू केली. तिच्यातून ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ या पातळ्यांचे अभ्यासक्रम आले. ही संस्था २०११ पासून नायलिट या नावाने ओळखली जाते. सी-डॅकने प्रगत संगणनाचे पदविका अभ्यासक्रम चालविले, परंतु ते मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधरांसाठी होते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने राज्यात संगणक-साक्षरता खेडोपाडी पोहोचविली. पण संगणक वापरता येणे आणि संगणकांचे जाळे सांभाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी राज्यव्यापी व्यवस्था उभी राहिली, दुसरी बराच काळ बाजारावर सोपविली गेली.

बाजाराने तिच्यासाठी वेगळीच कसोटी निर्माण केली. नोव्हेल, मायक्रोसॉफ्ट व सिस्को या उत्पादक कंपन्यांनी आपापल्या सामग्रीवर काम करणाऱ्यांसाठी परीक्षा सुरू केल्या. सिस्कोची सीसीएनए ही प्राथमिक परीक्षा १९९८ मध्ये सुरू झाली; तत्पूर्वी १९९७ मध्ये त्या कंपनीने शाळा-महाविद्यालयांसाठी नेटवर्किंग अकादमी हा उपक्रम सुरू केला होता. या परीक्षांचा लाभ नाकारता येणार नाही. त्यांचे अभ्यासक्रम काटेकोर होते, ते लवकर सुधारले जात आणि जगात कोठेही एकच प्रश्नपद्धती असल्याने पिंपरीच्या उमेदवारास परदेशातही तोच दाखला चाले. भारतातील कोणतीही शासकीय परीक्षा त्या काळी हे देऊ शकत नव्हती.

परंतु कारागिराच्या प्रमाणपत्राचे स्वरूप त्यामुळे मुळातून बदलले. सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. त्यानंतर ते पुन्हा मिळवावे लागते. परीक्षेचे शुल्क कंपनी ठरविते, अभ्यासक्रमही तीच बदलते. नोव्हेलची नेटवेअर ही प्रणाली १९९० नंतरच्या दशकात कार्यालयांत सर्वत्र आढळे. तिच्या आज्ञा व तिचे आयपीएक्स हे संदेशवहनाचे नियम ज्यांनी मेहनतीने आत्मसात केले होते, त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग टीसीपी-आयपी सार्वत्रिक झाल्यावर निरुपयोगी ठरला. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्कोने सीसीएनएच्या अनेक शाखा रद्द करून एकच परीक्षा ठेवली. मायक्रोसॉफ्टनेही आपली सुप्रसिद्ध एमसीएसई ही प्रमाणपत्रे जानेवारी २०२१ अखेर बंद केली. कातारीच्या मुलाने वडिलांप्रमाणे एकदा शिकून आयुष्यभर काम करण्याची अपेक्षा बाळगली, तर या व्यवसायात ती पुरी होत नाही.

शासकीय अभ्यासक्रम : महाराष्ट्रात तांत्रिक शिक्षणापासून वेगळे काढून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय १९८४ मध्ये स्थापन करण्यात आले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक पातळीवरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते देशात साध्य झाले नाही. महाराष्ट्रात या धोरणाच्या अनुषंगाने किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम कनिष्ठ महाविद्यालयांत सुरू झाले. शिकाऊ उमेदवारी अधिनियमात १९७३ मध्ये पदवी व पदविकाधारकांचा, तर १९८६ मध्ये उच्च माध्यमिक व्यवसाय शाखेतील विद्यार्थ्यांचा समावेश करण्यात आला.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणकाशी संबंधित सर्वाधिक परिचित व्यवसाय म्हणजे संगणक चालक व आज्ञावली साहाय्यक, अर्थात ‘कोपा’. तो एक वर्षाचा असून त्याचा भर संगणक वापरण्यावर आहे. जाळ्याचा परिचय त्यात एका घटकापुरता होतो. संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल हा एक वर्षाचा आणि माहिती व संदेशवहन तंत्रज्ञान प्रणाली देखभाल हा दोन वर्षांचा व्यवसाय प्रस्तुत विषयाच्या अधिक निकट आहे. या अभ्यासक्रमांत इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे, संगणकाची जोडणी व दुरुस्ती आणि जाळ्याची उभारणी यांचा क्रमाने समावेश असतो. तंत्रनिकेतनांच्या संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखांतील पदविकेत संगणकजाल हा स्वतंत्र विषय आहे.

२००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले, डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला आणि २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकासाचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. या आराखड्याने कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाची अर्हता ठरविली. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेची नेटवर्किंग व स्टोरेज क्षेत्र-तंत्रज्ञाची अर्हता आणि दूरसंचार क्षेत्राच्या परिषदेची ऑप्टिकल फायबर जोडणाऱ्याची अर्हता ही त्यांतील या व्यवसायाशी निगडित उदाहरणे होत. अल्पमुदतीचे असे अभ्यासक्रम काही महिन्यांत पुरे होतात. त्यांमुळे शाळा सोडलेल्या मुलांना व मुलींना दार उघडले गेले, हा त्यांचा गुण. दोन वर्षांच्या हातकामाने येणारी समज त्यांत येत नाही, ही त्यांची मर्यादा.

प्रशिक्षणाचा आशय : या व्यवसायातील पहिला धडा केबलीचा असतो. पिळलेल्या जोड्यांच्या केबलीत चार जोड्या म्हणजे आठ तारा असतात. प्रचलित मानकानुसार त्या पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी व तपकिरी या क्रमाने जोडणीच्या टोकात बसवून क्रिम्पिंगच्या पकडीने दाबतात. तारांचा पीळ गरजेपेक्षा अधिक उलगडल्यास एका जोडीतील संदेशाचा दुसरीत उपद्रव होतो. तांब्याच्या अशा केबलीची लांबी सामान्यतः १०० मी. पेक्षा अधिक ठेवता येत नाही. लांबच्या अंतरासाठी काचतंतू वापरतात व त्याची टोके स्वच्छ कापून विद्युत् ठिणगीच्या उष्णतेने सांधतात. काचतंतूच्या टोकावर बसलेला धुळीचा कणही संदेश क्षीण करतो.

दुसरा धडा पत्त्यांचा. आयपी पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला ३२ द्विमान अंकांचा पत्ता असतो. मोठ्या जाळ्याचे लहान उपजाळ्यांत विभाजन करण्याचे गणित विद्यार्थ्याला करता यावे लागते. उदा., पत्त्यातील पहिले २६ अंक जाळ्यासाठी राखले, तर उरलेल्या ६ अंकांतून ६४ पत्ते तयार होतात. त्यांपैकी पहिला जाळ्याच्या ओळखीसाठी व शेवटचा सर्वांना उद्देशून पाठवावयाच्या संदेशासाठी राखीव असल्याने उपकरणांना ६२ पत्ते मिळतात.

तिसरा व सर्वांत अवघड धडा बिघाड शोधण्याचा. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने संदेशवहनाची सात स्तरांत विभागणी करणारे प्रतिमान प्रसिद्ध केले. परीक्षेसाठी विद्यार्थी त्यांची नावे पाठ करतात. कामावर मात्र ते प्रतिमान शोधाची वाट दाखविते. समजा, एखाद्या संगणकाला १६९.२५४ या अंकांनी सुरू होणारा पत्ता मिळाला. त्याचा अर्थ असा, की पत्ते वाटणाऱ्या सेवेपर्यंत तो पोहोचू शकला नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला. केबलीचे टोक सैल आहे, स्विचवरील जागा चुकीच्या उपजाळ्यात टाकली आहे, की ती सेवाच बंद आहे? जाणता तंत्रज्ञ प्रथम केबल व दिवा पाहतो, मग स्विचची मांडणी व शेवटी सेवा तपासतो. नवखा संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू करीत राहतो. दोघांकडे प्रमाणपत्र एकच असू शकते.

संगणकाच्या पडद्यावर आभासी राउटर व स्विच मांडून सराव करण्याची सोय सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरसारख्या आज्ञावलींनी करून दिली. महागडी सामग्री नसलेल्या संस्थांना तिचा मोठा आधार झाला. मात्र आभासी जाळ्यात केबल उंदीर कुरतडत नाही, छताखालील उष्णतेने स्विच बंद पडत नाही आणि कोणी झाडू मारताना टोक ओढून काढत नाही. कानशीने लोखंड घासण्याचा धडा चित्रावरून शिकविता येत नाही, तसाच हाही धडा केवळ पडद्यावरून पुरा होत नाही.

कारखान्यातील जाळे : पिंपरी-चिंचवड व चाकणच्या दृष्टीने या व्यवसायाचे एक अंग विशेष महत्त्वाचे आहे. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने यंत्रनियंत्रकांच्या परस्परसंपर्कासाठी मॉडबस ही पद्धती आणली. पुढे कारखान्यातील नियंत्रक, यंत्रमानव, संवेदक व मोजमापाची साधने ईथरनेटवर आली. परिणामी वीजतंत्री व जाळे सांभाळणारा तंत्रज्ञ यांच्या कामांतील सीमारेषा पुसट झाली. कार्यालयात जाळे पाच मिनिटे बंद पडल्यास पत्र उशिरा जाते. जोडणी-रांगेत तेच घडल्यास रांग थांबते. म्हणून कारखान्यात दुरुस्तीपूर्वी कोणते यंत्र थांबेल याचा विचार प्रथम करावा लागतो. शिवाय कारखान्याचे जाळे बाहेरच्या जगाशी जोडले गेल्याने सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने औद्योगिक नियंत्रकांवर हल्ला करून प्रत्यक्ष यंत्रांचे नुकसान करता येते, हे दाखवून दिले. यंत्र ओळखणारा आणि जाळेही ओळखणारा कामगार अशा वेळी सर्वांत उपयोगी पडतो आणि तो घडविण्यास लागणारी दोन्ही प्रकारची सामग्री या परिसरात हाकेच्या अंतरावर आहे.

मूल्यमापन : या व्यवसायात प्रवेश करणाऱ्यास प्रारंभी बहुधा केबल टाकणारा मदतनीस, क्षेत्र-तंत्रज्ञ किंवा तक्रार-कक्षातील साहाय्यक म्हणून काम मिळते. ते पुष्कळदा कंत्राटदारामार्फत असते. येथेच जुन्या व नव्या व्यवस्थेतील भेद स्पष्ट होतो. जोडारीची उमेदवारी कायद्याने बांधलेली होती. कोणी शिकवावे, किती काळ शिकवावे व शेवटी कोणती परीक्षा घ्यावी हे ठरलेले होते. कंत्राटी मदतनीस शिकतो तो योगायोगाने. चांगला वरिष्ठ भेटला, तर दोन वर्षांत तो जाळे आखू लागतो. न भेटल्यास दहा वर्षे केबलच ओढतो. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा काही भार शासनाने उचलला आणि संगणकविषयक व्यवसायांतही उमेदवार घेणे उद्योगांना सोयीचे केले. तथापि लहान कंत्राटदारांकडे, जेथे या व्यवसायातील बरेचसे काम चालते, उमेदवारीची शिस्त अद्याप रुजलेली नाही.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. वर्गातील स्पष्टीकरण मराठीत होते, पण उपकरणाच्या आज्ञा, पडद्यावरील दोषसूचना, उत्पादकांच्या पुस्तिका व परदेशी ग्राहकाशी होणारे संभाषण इंग्रजीत असते. जोडारीला मापे व आकृत्या वाचता आल्या, की पुरे होई. जाळ्याच्या तंत्रज्ञाला वाचता न आलेली एक ओळ अडविते. कामाची समज असूनही केवळ या कारणाने मागे पडणाऱ्यांसाठी मराठीतून तत्त्व व इंग्रजीतून संज्ञा अशी जोड-पद्धती उपयुक्त ठरते.

अभ्यासक्रम सतत बदलावा लागतो, ही या व्यवसायाची अडचण म्हणून सांगितली जाते. ती अंशतःच खरी आहे. उत्पादकांच्या आज्ञा बदलतात. परंतु ईथरनेटची चौकट, आयपी पत्त्यांचे गणित, केबलीचे नियम व बिघाड शोधण्याची रीत गेल्या तीन दशकांत मुळातून बदललेली नाही. कातारीच्या शिक्षणात लेथची बनावट गौण होती व धातू कापण्याचे ज्ञान प्रधान होते. त्याच न्यायाने सार्वजनिक संस्थांनी टिकाऊ भाग आपल्याकडे घ्यावा आणि उत्पादकांच्या परीक्षा त्यावरील पुरवणी म्हणून ठेवाव्यात, तर विद्यार्थ्याचे ज्ञान तीन वर्षांनी शिळे होणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम बिघडवून ठेवलेले खरे जाळे, ठरावीक वेळेत बिघाड शोधण्याची प्रात्यक्षिक परीक्षा आणि तिच्यानंतर कारखान्यात किंवा सेवा-संस्थेत नियमबद्ध उमेदवारी या तीन गोष्टी आवश्यक ठरतात.

हातकाम, सार्वजनिक कसोटी व उमेदवारी या तिन्ही तत्त्वांचा अनुभव देहूरोड ते चाकण या पट्ट्याने अर्धशतकाहून अधिक काळ घेतला आहे. ती तत्त्वे लोखंडाच्या तुकड्याला जितकी लागू पडली, तितकीच काचतंतूलाही लागू पडतात. ती वगळून दिलेला दाखला नोकरीच्या दारापर्यंत नेतो. त्या दारातून आत गेल्यावर उपयोगी पडते ते हाताला व डोळ्याला लागलेले वळणच होय.